रीबूटनंतरही टिकलं पाहिजे



स्मरणिकेसाठी ज्यानं त्यानं आपल्या क्षेत्राविषयी लिहावं, असा समितीचा निरोप आला. डॉक्टर, वकील, शिक्षक, शेतकरी यांचं काम कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी मात्र गेली पंचवीस वर्षं "म्हणजे तू कॉम्प्युटर दुरुस्त करतेस का?" या प्रश्नाला उत्तर देते आहे. दुसरा प्रश्न दरवर्षी निकाल लागले की येतो. तुमच्यापैकीच कुणाचा तरी फोन असतो: "पोरगं बी.एस्सी. झालंय. लिनक्सचा कोर्स लावू का? कुठलं सर्टिफिकेट चालतं?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, कारण त्याला पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. तो इथं सांगते.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी मूळ प्रणाली आहे. फरक इतका की ती कुणालाही घेता येते, वाटता येते आणि तिचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानं १९९१ साली ती सुरू केली. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. अशा मोठ्या यंत्रांना, म्हणजे सर्व्हरना, चालतं ठेवणाऱ्या माणसाला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. यंत्र नीट चालू असेल तर आमची आठवण कुणालाच येत नाही. बंद पडलं की रात्री दोनलाही येते.

पदवी नसलेला पेशा

लिनक्सच्या आधी युनिक्स होतं. ते १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलं. ते सांभाळणाऱ्यांची कुठलीही परीक्षा नव्हती. सुताराच्या हाताखाली पोरगा सुतारकाम शिकतो, तसंच हे काम शिकलं जाई. एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत जुन्या माणसाशेजारी बसायचं, तो काय टाइप करतो ते बघायचं आणि एक दिवस चावी आपल्या हातात यायची. १९८७ साली अमेरिकेत या कामाची माणसं पहिल्यांदा 'लिसा' नावाच्या परिषदेसाठी एकत्र जमली. १९८९ साली एव्ही नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं युनिक्स ॲडमिनिस्ट्रेशनवरचं जाडजूड पुस्तक आलं. आमच्या धंद्यातल्या कित्येकांचं ते पहिलं पाठ्यपुस्तक. संगणकशास्त्र शिकवणारी एक बाई हे पुस्तक लिहिते, याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं. २०१३ साली टास्मान समुद्रात त्यांची बोट बेपत्ता झाली आणि त्या परत आल्या नाहीत.

आपल्याकडे लिनक्स सर्वसामान्यांपर्यंत पोचलं ते मासिकातून. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळू लागली. त्यामागे अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इतकं मोठं सॉफ्टवेअर उतरवून घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून त्या सीडीचं मोल फार. कॉलेजच्या हॉस्टेलवर एक सीडी पंधरा खोल्यांत फिरायची आणि निम्म्या संगणकांवरचं विंडोज त्यात पुसलं जायचं. माझं शिक्षण तिथूनच सुरू झालं. शिकवणारं कुणी नव्हतं, बिघडवायला मात्र भरपूर होतं.

कागदी शहाणे

नव्वदच्या दशकात संगणक क्षेत्रात प्रमाणपत्रांची लाट आली. नोव्हेल कंपनीचं सीएनई आणि मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई ही त्यातली मोठी नावं. या परीक्षा बहुतांशी पर्यायी उत्तरांच्या होत्या. लवकरच जुन्या प्रश्नांचे गठ्ठे, म्हणजे 'डम्प', बाजारात फिरू लागले. ते पाठ करून पास होणाऱ्यांसाठी इंग्रजीत 'पेपर एमसीएसई' असा शब्दच रूढ झाला. प्रमाणपत्र हातात आहे, पण सर्व्हरसमोर बसवलं तर हात थरथरतात, अशी ही मंडळी. आपल्या भाषेत, वही सुंदर उतरवलेली पण प्रयोग एकदाही न केलेला विद्यार्थी.

लिनक्सवाल्यांनी परीक्षा काढायचं ठरवलं तेव्हा हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १९९९ च्या आसपास त्याची दोन उत्तरं पुढे आली.

पहिलं उत्तर रेड हॅट या कंपनीचं. त्यांनी १९९९ साली आरएचसीई ही परीक्षा आणली आणि उमेदवाराला सरळ यंत्रासमोर बसवलं. सुरुवातीच्या वर्षांत तिचे तीन भाग होते. मुद्दाम बिघडवून ठेवलेलं मशीन दुरुस्त करायचं, काही पर्यायी प्रश्न सोडवायचे आणि रिकाम्या मशीनवर नवा सर्व्हर उभा करायचा. पुढे पर्यायी प्रश्न वगळले आणि फक्त हाताचं काम उरलं.

दुसरं उत्तर लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटचं, म्हणजे एलपीआयचं. डॅन यॉर्क यांनी १९९८ साली 'लिनक्स गॅझेट'मध्ये लेख लिहून विचारलं होतं, की लिनक्स कुणा एका कंपनीचं नाही, मग त्याची परीक्षा तरी एका कंपनीची का असावी? त्यातून १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडात ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि २००० च्या जानेवारीत तिची पहिली परीक्षा झाली. ती प्रश्नोत्तरांचीच होती. पण कुठल्याही एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नव्हती, आणि जगभरातल्या परीक्षा केंद्रांवर देता येत होती. २००१ साली कॉम्पटियाची 'लिनक्स प्लस' ही प्रवेशपातळीची परीक्षाही आली.

प्रयोग करून दाखवायचा की प्रश्न सोडवायचे, हा वाद तेव्हापासून आजवर मिटलेला नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत खरं-खोटं चटकन कळतं, पण ती महाग पडते आणि पूर्वी मोठ्या शहरातच व्हायची. लेखी परीक्षा स्वस्त असते, लांबवर पोचते, पण घोकंपट्टीला वाव देते. दहावीच्या वर्गाला हा वाद वेगळा समजावून सांगायला नको.

माझी नापास होण्याची गोष्ट

मी आरएचसीईला पहिल्यांदा बसले ती २००३ साली, पुण्यात. नोकरीला चार वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री होती. परीक्षा जवळजवळ दिवसभर चालली. मी सगळी कामं वेळेच्या आधी संपवली, प्रत्येक सेवा चालते आहे हे तपासलं आणि खुशीत बाहेर पडले. निकाल आला: नापास.

कुठे चुकलं हे कुणी सांगत नाही, भागवार गुण तेवढे कळतात. दोन दिवसांनी ऑफिसच्या बसमध्ये मला ते एकदम आठवलं. या परीक्षेचा एक नियम आहे. तुम्ही उठून गेल्यावर परीक्षक मशीन बंद करून पुन्हा सुरू करतात, म्हणजे रीबूट करतात, आणि मगच तपासतात. मी सेवा सुरू केल्या होत्या. पण यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्या आपोआप सुरू व्हाव्यात, यासाठी द्यायची एक छोटी आज्ञा दोन ठिकाणी राहून गेली होती. माझ्यासमोर चालत होतं ते माझ्या पाठीमागे बंद पडलं.

त्या बसमध्ये मला आपल्या विज्ञानाच्या सरांची आठवण झाली. ओहमच्या नियमाचा प्रयोग तुम्हाला आठवत असेल. बॅटरी, रिओस्टॅट, ॲमीटर, व्होल्टमीटर जोडून कसंबसं एक वाचन यायचं, आणि आपण वहीत लिहायला वळलो की सर सगळ्या तारा उपटून टाकायचे. "आता परत जोड." तेव्हा त्यांचा राग यायचा. रीबूटचा नियम म्हणजे दुसरं काही नाही, सरांनी उपटलेल्या ताराच आहेत. दुसऱ्या वेळी मी स्वतःच मशीन तीनदा रीबूट केलं आणि पास झाले.

बदलत गेलेला अभ्यासक्रम

माझं प्रमाणपत्र हातात पडलं त्याच वर्षी त्याच्याखालची जमीन हलली. २००३ साली रेड हॅटनं आपलं सर्वांना मोकळं असलेलं लिनक्स थांबवलं. कंपन्यांसाठी पैसे घेऊन आधार देणारं एंटरप्राइझ लिनक्स त्यांनी स्वतःकडे ठेवलं, आणि हौशी लोकांसाठी फेडोरा नावाचा वेगळा प्रवाह सुरू झाला. परीक्षा अर्थातच एंटरप्राइझबरोबर गेली. घरी सराव कशावर करायचा, हा प्रश्न उभा राहिला. २००४ पासून तो सेंटओएसनं सोडवला. ही एंटरप्राइझचीच जवळजवळ हुबेहूब, पण विनामूल्य प्रत होती. पुढची पंधरा-सोळा वर्षं घरी बसून सराव करणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे ही प्रत.

२०१० साली परीक्षेच्या पायऱ्या नव्यानं बांधल्या गेल्या. आधीची खालची परीक्षा, आरएचसीटी, गेली आणि तिच्या जागी आरएचसीएसए आली. ती पास झाल्याशिवाय आरएचसीई मिळेनासं झालं. त्याच वर्षी कॉम्पटिया आणि एलपीआय यांनी हातमिळवणी केली. एकच अभ्यास करून दोन परीक्षा दिल्या, की दोन्ही संस्थांची प्रमाणपत्रं मिळत. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं ही मोठी सोय होती. २०१९ साली ती संपली आणि दोघांच्या वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या.

२०१४ हे वर्ष आमच्या पिढीच्या जास्त लक्षात राहिलं. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत यंत्र सुरू होण्याची सगळी पद्धतच बदलली. पंधरा वर्षं बोटांत बसलेल्या आज्ञा जुन्या झाल्या. मुख्य पासवर्ड हरवलेल्या यंत्रात शिरणं हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. पूर्वी यंत्र सुरू होताना 'सिंगल' एवढा एक शब्द लिहिला की काम व्हायचं. आता त्याच कामाला पाच-सहा पायऱ्या लागू लागल्या, आणि एक जरी चुकली तरी यंत्राचं दार बंदच राहायचं. त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशननं आपली परीक्षा आणली. ती प्रात्यक्षिक होती, पण केंद्रावर न जाता घरूनच, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली द्यायची. लिनक्सची तोंडओळख करून देणारा त्यांचा विनामूल्य अभ्यासक्रमही त्याच वर्षी इंटरनेटवर खुला झाला. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी पुण्या-मुंबईला जावंच लागतं, ही अट पहिल्यांदा सैल झाली ती इथं.

नाव तेच, परीक्षा वेगळी

सगळ्यांत मोठा बदल २०१९ साली झाला. आठव्या आवृत्तीबरोबर आरएचसीईचा अभ्यासक्रम जवळजवळ संपूर्ण बदलला. तोवर आरएचसीई म्हणजे वेब, मेल, फाइल वाटप अशा सेवा एकेका सर्व्हरवर हातानं उभ्या करता येणं. नव्या परीक्षेत विषय एकच, ॲन्सिबल. ॲन्सिबल हे यंत्रांना सूचना देण्याचं साधन आहे, आणि ते बनवणारी कंपनी रेड हॅटनं २०१५ सालीच विकत घेतली होती. तुम्ही एका फाइलमध्ये लिहायचं, की या यंत्रांवर अमुक असलं पाहिजे, तमुक चालू पाहिजे. बाकी सगळं ते साधन करतं, मग यंत्रं दहा असोत की हजार.

या बदलामागे कारण होतं. पूर्वी एका माणसाकडे दहा-वीस यंत्रं असत आणि त्यांना तो नावानं ओळखत असे. माझ्या पहिल्या ऑफिसात सर्व्हरना किल्ल्यांची नावं होती, आणि 'तोरणा' सारखा रुसायचा. क्लाउड आल्यावर यंत्रं सकाळी जन्माला येऊन संध्याकाळी पुसली जाऊ लागली. त्यांना नावं कोण ठेवणार, आणि एकेकाशी हातानं कोण बोलणार? २०१७ पासून कुबरनेटिसच्या परीक्षाही सुरू झाल्या होत्या. त्यात तर यंत्र मागेच राहतं, समोर असतात त्यावर चालणारी हजारो छोटी खोकी.

हे सगळं मला पटत होतं, तरी मी चिडले होते. पंधरा-सोळा वर्षं मानानं मिरवलेली तीन-चार अक्षरं तीच राहिली आणि त्यांचा अर्थ बदलला. सुरुवातीला हे प्रमाणपत्र लिनक्सच्या आवृत्तीशी बांधलेलं होतं, पुढे ते तीन वर्षांचं झालं. एलपीआयचं पाच वर्षांचं. म्हणजे आमच्या धंद्यात दहावीच्या मार्कशीटसारखं कपाटात जपून ठेवावं असं काही नाही. माझं प्रमाणपत्र संपलं आणि रागारागानं मी ते संपू दिलं.

मग करोना आला. २०२० साली रेड हॅटनंही घरून परीक्षा द्यायची सोय केली. २०२१ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी पुन्हा बसले. आधी खालची परीक्षा, मग वरची. खोली चहूबाजूंनी कॅमेऱ्याला दाखवली, टेबल रिकामं केलं, मुलीला सांगितलं की कुकर लावू नकोस, शिट्टी ऐकू जाईल. पासापुरते गुण ३०० पैकी २१०. या वेळी पहिल्याच फटक्यात पास झाले. रीबूटचा नियम अजून तोच होता.

एक गोष्ट मात्र हुकली होती. २०२० च्या डिसेंबरात रेड हॅटनं जाहीर केलं, की सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद होणार. घरी सराव करणाऱ्या पोरांच्या पायाखालचा आधार गेला. रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स हे दोन पर्याय लोकांनी लगेच उभे केले. रेड हॅटनंही स्वतः शिकणाऱ्यांना १६ यंत्रांपर्यंत मूळ प्रणाली विनामूल्य दिली. त्यामुळे आज सरावाला अडचण नाही. पण फुकट मिळणारी पायरी कुणाच्या तरी मर्जीवर असते, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

मग पोरानं काय करावं?

आता तुमच्या फोनचं उत्तर.

नोकरीची हमी देऊन लाखभर रुपये आगाऊ मागणाऱ्या कोर्सला नाव घालण्याआधी घरातला जुना संगणक बाहेर काढा. त्यावर लिनक्स चढवू द्या, बिघडवू द्या, पुन्हा चढवू द्या. सहा महिन्यांनी पोरगं अजूनही स्वतःहून त्यासमोर बसत असेल, तर परीक्षेचा विचार करा. सुरुवात खालच्या प्रात्यक्षिक परीक्षेनं करावी. ॲन्सिबल, क्लाउड, कुबरनेटिस त्यानंतर. हल्ली काही मुलं थेट वरच्या मजल्यावर शिकायला जातात. हजार यंत्रांना एका फाइलनं हुकूम सोडतात, पण त्यातलं एक रुसलं तर आत शिरून बघायचं कसं, हे त्यांना माहीत नसतं. माझ्या हाताखाली अशी हुशार मुलं येतात. त्यांना मी पहिल्या आठवड्यात एकच मशीन देते आणि ते बिघडवून ठेवते.

दुसरी अडचण भाषेची. आपण सगळे मराठी माध्यमातले. या परीक्षा मराठीत नाहीत. यंत्र चुकीचा निरोप दाखवतं तोही इंग्रजीत, आणि गावाकडचं मूल तो न वाचताच घाबरून मागे सरतं. मीही सरले होते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला उपलब्ध करून दिले आहेत, तेही विनामूल्य. धडा मराठीत ऐकायचा आणि आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या. शिकवणाऱ्या सर-बाईंनी शाळेच्या संगणक कक्षात ते एकदा लावून पाहावेत, ही माझी विनंती.

आणि प्रमाणपत्राचं म्हणाल, तर ते घ्या, पण त्यावर विसंबू नका. पंचवीस वर्षांत परीक्षा बदलल्या, नावं बदलली, कंपन्याही बदलल्या. खुद्द रेड हॅट २०१९ साली आयबीएमनं ३४ अब्ज डॉलरला घेतली. या सगळ्यात बदललं नाही ते एवढंच: तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, तुमचं काम उभं राहतं की नाही, यावरच गुण मिळतात.

आपल्या शाळेला सोडून आता तीस वर्षं होऊन गेली. मध्ये कितीतरी वेळा आपणही बंद पडलो, पुन्हा सुरू झालो. सरांच्या हातच्या उपटलेल्या तारा अजून जोडता येतात. संमेलनाला सर येणार आहेत असं समितीनं कळवलंय. मी त्यांच्यासाठी काही नेणार नाही. फक्त प्रयोगशाळा उघडी असेल तर एकदा ॲमीटर जोडून दाखवणार आहे.